धेंपो क्लब : घाटाखालच्या एका फुटबॉल संघाचा इतिहास

साहित्य मंडळाच्या त्रैमासिकात एका फुटबॉल संघावर निबंध लिहावा, हे काही वाचकांना खटकेल याची आम्हांस कल्पना आहे. आपल्या जोयडा तालुक्यात मुले कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात, सुगी संपल्यावर शेताच्या रिकाम्या खाचरात क्रिकेट खेळतात. फुटबॉल हा खेळ आपल्याकडे घाट चढून फारसा वर आलाच नाही. तरीही या विषयाकडे वळण्यास दोन कारणे आहेत. एक असे, की अनमोडच्या घाटाखालचा गोवा आपल्याला परका कधीच नव्हता. आपल्या जुन्या घराण्यांपैकी कित्येकांची कुलदैवते गोव्यात, सोयरीक गोव्यात, आणि आता मुलांच्या नोकऱ्याही गोव्यात. दुसरे असे, की संस्था कशा जन्मतात, कोणाच्या पैशावर जगतात आणि तो पैसा आटला किंवा धन्याचे मन बदलले म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. ग्रंथालये, नाट्यमंडळे, शाळा, एवढेच काय, आपली ही मंडळेदेखील त्याच प्रश्नाला बांधलेली आहेत. धेंपो स्पोर्ट्स क्लबाच्या इतिहासात हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो, म्हणून हा खटाटोप.

गोव्यात फुटबॉल आणला तो पोर्तुगीजांनी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या खेळाचा पहिला धडा दिल्याचे श्रेय एका ब्रिटिश धर्मगुरूला दिले जाते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे प्रकृतीच्या कारणाने गोव्यात आले आणि १८८३ मध्ये बार्देशातील शिवोली येथे त्यांनी मुलांना चेंडू खेळायला शिकविले, असे गोव्याच्या फुटबॉलचे सर्व इतिहासकार सांगतात. पुढे चर्चच्या शाळांतून आणि गावोगावच्या चर्चसमोरील पटांगणांतून हा खेळ पसरला. त्यामुळे बराच काळ तो प्रामुख्याने ख्रिस्ती वस्त्यांचा खेळ राहिला. हिंदूबहुल महालांमध्ये, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत, तो उशिराने रुजला. हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे ज्यांनी गोव्याच्या फुटबॉलला देशाच्या नकाशावर आणले ते पैसेवाले लोक प्रामुख्याने हिंदू सारस्वत खाणमालक होते, आणि त्यांच्या संघांतून खेळणारे बहुसंख्य खेळाडू सासष्टी-बार्देशातले ख्रिस्ती तरुण होते. गोव्याच्या समाजजीवनात असे सहकार्य इतक्या उघडपणे, दर आठवड्याला, हजारो लोकांच्या साक्षीने दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात घडले असेल असे आम्हांस वाटत नाही.

खाणींचा उल्लेख आला, तेव्हा त्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या वाचकांना खाणी ठाऊक आहेत. सुपा तालुक्याच्या रानातही मँगनीजच्या खाणी होत्या; वरून निघालेला माल कॅसलरॉकमार्गे रेल्वेने मुरगाव बंदरात उतरे. १८८० च्या दशकात घातलेल्या त्या लोहमार्गाने आपला मुलूख आणि गोवा यांना जे जोडले ते आजतागायत. कॅसलरॉक हे तेव्हा सरहद्दीचे ठाणे. एका बाजूला ब्रिटिश सत्ता, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे होते, आणि गोव्याच्या डोंगरांत ते विपुल होते. पन्नाशीच्या दशकात डिचोली, सांगे, सत्तरी या भागांतील डोंगर फोडले जाऊ लागले, मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जांच्या रांगा लागल्या, आणि काही घराणी पाहता पाहता गडगंज झाली. चौगुले, साळगावकर, धेंपो, तिंबलो ही त्यांतली ठळक नावे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणव्यावसायिकच होते, आणि फुटबॉलवर त्यांचे प्रेम होते. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा गोव्यात मोठ्या इतमामाने भरत असे.

धेंपो घराण्याची व्ही. एस. धेंपो आणि कंपनी ही पेढी १९४१ सालची. वसंतराव धेंपो आणि त्यांचे बंधू वैकुंठराव यांनी ती वाढविली. या घराण्याचा पैसा केवळ तिजोरीत राहिला नाही, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते. गोवा मुक्त झाल्यावर अवघ्या काही महिन्यांत, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे महाविद्यालय उभे राहिले; १९६३ मध्ये ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक निघाले; आणि १९७० मध्ये ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक. आपल्या भागातील जुन्या वाचकांना ‘नवप्रभा’ वेगळी सांगावी लागणार नाही. घाटातून वर येणाऱ्या गाडीने तिचा अंक येई, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी, आणि क्रीडापानावर धेंपो-साळगावकर लढतीचे चार स्तंभी वृत्त असे. मराठी फुटबॉल-वृत्तांताची भाषा घडविण्यात गोव्याच्या मराठी दैनिकांचा वाटा मोठा आहे, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो. गोलरक्षक, बचावपटू, मध्यफळी, आघाडीवीर, स्वयंगोल, बरोबरीची कोंडी फुटणे, हे शब्द आणि शब्दप्रयोग त्या पानांनी इतके रुळविले की ते कोणी मुद्दाम घडविले असतील असे आता वाटतच नाही. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी क्रिकेटसाठी जे केले, ते पणजीच्या वृत्तपत्रांनी फुटबॉलसाठी केले. पण त्याची दखल कोणत्या वाङ्मयेतिहासाने घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

क्लबाचा जन्म डिचोलीचा. तेथील एका स्थानिक क्लबाच्या पायावर, धेंपोंच्या आश्रयाने, १९६८ मध्ये धेंपो स्पोर्ट्स क्लब या नावाने संघ उभा राहिला. साळगावकरांचा संघ त्याआधीचा, १९५६ चा, वास्कोचा. म्हणजे धेंपो हा वयाने धाकटा. परंतु सत्तरीच्या दशकात त्याने जी धाव घेतली तिने थोरल्याला मागे टाकले. त्या काळी राष्ट्रीय पातळीवर लीग नव्हती. मोठेपणा मोजण्याचे माप म्हणजे तीन-चार जुन्या चषकस्पर्धा. दिल्लीचा ड्युरँड, कोलकात्याची आय.एफ.ए. शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स. कूपरेजच्या मैदानावर भरणाऱ्या रोव्हर्स चषकावर कोलकात्याच्या बड्या संघांचा जणू वतनी हक्क होता. तो चषक धेंपोने सत्तरीच्या दशकात एकाहून अधिक वेळा गोव्यात आणला. मुंबईत तेव्हा गोवेकरांची मोठी वस्ती. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांतल्या कूडांतून राहणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून कूपरेजवर लोटत. पोर्तुगीज अंमल जाऊन तेव्हा जेमतेम दशक-दीड दशक झाले होते. ज्या प्रदेशाला भारतात यायला चौदा वर्षे उशीर झाला, त्या प्रदेशाच्या संघाने मुंबईत येऊन कोलकात्याला हरवावे, याचे त्या प्रेक्षकांना काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको.

त्या काळातले खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते. कंपनीच्या कचेरीत, जेट्टीवर, गोदामात त्यांना नोकरी असे. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव. पगार कंपनीचा, म्हणून निष्ठाही कंपनीशी. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या व्यवस्थेचे मोल नेमके कळते. खेळाचे दिवस फार तर दहा-बारा वर्षे, नोकरी अठ्ठावन्नपर्यंत. गुडघा निकामी झाला तरी चूल विझत नाही. पुढे खेळ व्यावसायिक झाला, करार लाखांचे झाले, पण ही निश्चिंती गेली. कोणते बरे, याचा निवाडा ज्याच्या-त्याच्या अनुभवावर सोडतो. आमचे वैयक्तिक मत जुन्या व्यवस्थेकडे झुकते, आणि ते पेन्शनरांचे मत आहे असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही.

ऐंशीच्या दशकात आणि पुढे गोव्याचा झेंडा साळगावकरांनी उचलला. ब्रह्मानंद शंखवाळकर हा त्यांचा गोलरक्षक देशाचा कर्णधार झाला; त्याला १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये साळगावकर क्लबाने फेडरेशन चषक जिंकला. असे यश मिळविणारा तो गोव्यातील पहिला संघ. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा गोव्याच्या वतीने वार्क्याचा चर्चिल ब्रदर्स आणि वास्कोचा साळगावकर हे दोनच संघ आघाडीवर होते. १९९८-९९ ची लीग साळगावकरांनी जिंकलीसुद्धा. धेंपो या काळात मागच्या बाकावर बसलेला दिसतो. कोणत्याही संस्थेच्या इतिहासात अशी काही कोरडी वर्षे असतातच. त्यांवर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

२००० साली आर्मांदो कोलासो हे प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढची तेरा वर्षे राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची ही आपल्या सरकारातील बदलीच्या जागेपेक्षाही अस्थिर. दोन सामने हरले की माणूस घरी. अशा वातावरणात एका माणसावर तेरा वर्षे विश्वास टाकणे हाच धेंपोच्या यशाचा पाया होता, असे आम्हांस वाटते. कोलासो यांनी गोव्याच्याच मुलांना हाताशी धरले. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, अँथनी परेरा ही नावे वर्षानुवर्षे एकाच संघपत्रकात दिसत राहिली. पुढे महेश गवळी त्यांत आले. यांच्या जोडीला मोजके परदेशी खेळाडू. ब्राझीलचा रोबेर्तो मेंदेस सिल्वा, ज्याला सगळे बेटो म्हणत, मधल्या फळीत खेळ बांधी. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स पुढे गोल करी. चेंडू जमिनीवर ठेवून, छोट्या छोट्या पासांनी पुढे सरकणारा खेळ ही त्या संघाची खूण होती. लांब चेंडू उडवून त्यामागे धावणे त्यांना मानवत नसे.

२००३-०४ च्या लीगमध्ये धेंपो दुसरा आला. पहिला आलेल्या ईस्ट बंगालकडून क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन आघाडीवीराने त्या मोसमात पंधरा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला होता. पुढच्या मोसमात तो धेंपोकडे आला. वय वर्षे पंचवीस. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. पहिला गोल क्रिस्तियानोने केला. उत्तरार्धात, सामना संपायला बारा-तेरा मिनिटे उरली असता, तो पुन्हा एकटा चेंडू घेऊन पुढे सरकला. मोहन बागानचा तरुण गोलरक्षक पुढे धावून आला. चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर झाली. क्रिस्तियानो खाली कोसळला तो उठला नाही. सहकाऱ्यांनी त्याला शुद्धीवर आणण्याची धडपड केली, त्याला रुग्णालयात हलविले, पण उपयोग झाला नाही. सामना पुरा झाला. धेंपोने दोन-शून्य असा चषक जिंकला, आणि दोन्ही गोल ज्याचे होते तो माणूस जगात नव्हता.

त्या घटनेनंतर महिनोन्महिने वाद झाले. गोलरक्षकावर दोन महिन्यांची बंदी आली. त्याने मुद्दाम केले काय, हा प्रश्न बंगालमध्ये एका तऱ्हेने आणि गोव्यात दुसऱ्या तऱ्हेने विचारला गेला. आम्हांस त्या वादात उतरावयाचे नाही. चेंडूवर झेप घेणाऱ्या तरुणाच्या मनात त्या निमिषात काय होते हे कोणी सांगू शकत नाही. मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था किती तोकडी होती, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांसमोर आली, आणि खरा जाब त्या बाबतीत विचारायला हवा होता. शासकीय अनुभवावरून सांगतो, आपल्याकडे एका व्यक्तीला शिक्षा झाली की व्यवस्थेची फाइल बंद होते. धेंपो क्लबाने क्रिस्तियानोच्या स्मरणार्थ दहा क्रमांकाचा सदरा निवृत्त केला. तो मोसम, २००४-०५ चा, धेंपोने लीग जिंकून संपविला. दुसरा आला तोही गोव्याचाच, स्पोर्टिंग क्लब.

येथून पुढची सात-आठ वर्षे म्हणजे गोव्याच्या फुटबॉलचे वैभव. २००६ मध्ये धेंपोने ड्युरँड चषक घेतला, २००६-०७ मध्ये पुन्हा लीग. मग राष्ट्रीय लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. पहिल्या आय-लीगमध्ये, २००७-०८ मध्ये, धेंपो आणि चर्चिल यांचे गुण समान झाले आणि विजेतेपद धेंपोकडे आले. २००८-०९ मध्ये चर्चिल, २००९-१० मध्ये धेंपो, २०१०-११ मध्ये साळगावकर, २०११-१२ मध्ये पुन्हा धेंपो, २०१२-१३ मध्ये पुन्हा चर्चिल. आय-लीगची पहिली सहाच्या सहा विजेतेपदे गोव्यातच राहिली. वाचकांनी क्षणभर थांबून याचा विचार करावा. गोव्याची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या कारवार जिल्ह्याच्या लोकसंख्येहून किंचित अधिक. कोलकाता, मुंबई, पंजाब, केरळ ही फुटबॉलची पीठे एका बाजूला आणि हा तेव्हा दोन जिल्ह्यांचा असलेला प्रदेश दुसऱ्या बाजूला. दोन्ही लीगा धरल्या तर धेंपोची विजेतेपदे पाच होतात. २००८ मध्ये ए.एफ.सी. चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत जाणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. लेबनॉनच्या सफा संघाने त्याला तेथे अडविले. याच सुमारास सुनील छेत्री एक मोसम धेंपोच्या सदऱ्यात खेळून गेला. २०११-१२ मध्ये रँटी मार्टिन्सने एका मोसमात ३२ गोल केले. आणि कोलासो यांना, बरीच वर्षे उलटल्यावर का होईना, २०२४ सालचा जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आता या कथेतील अवघड भाग. २००९ च्या जून महिन्यात धेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय सेसा गोवा या कंपनीला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने गोव्यातील खाणी थांबविल्या आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये ती उठली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द होऊन पुन्हा सारे ठप्प झाले. या तारखा आणि क्लबांच्या उतरणीच्या तारखा शेजारी मांडल्या, की खाणी गेल्या म्हणून क्लब गेले, असा सरळ हिशेब कोणीही मांडील. तो गोव्यात पुष्कळांनी मांडलाही. साळगावकरांच्या बाबतीत त्यात तथ्य असू शकेल. धेंपोच्या बाबतीत मात्र हा हिशेब जुळत नाही. खाणी विकल्यानंतर धेंपोने दोन लीगा जिंकल्या. घराण्याचे जहाजबांधणी, कोळसा-कार्बन, बांधकाम, वृत्तपत्रे हे व्यवसाय चालूच होते. पैसा आटला नव्हता.

मग काय झाले? २०१३ मध्ये कोलासो गेले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यात जागा मिळे ती खेळाच्या गुणांवर नव्हे, मोठी रक्कम भरून. आणि खाली घसरण्याची भीती नाही. शहरांच्या नावांचे नवे संघ निघाले. एफ.सी. गोवा हा त्यांपैकी एक, आणि त्याच्या पहिल्या मालकांत धेंपो व साळगावकर या दोन्ही घराण्यांचे प्रमुख होते. म्हणजे एका हाताने जुना क्लब धरलेला आणि दुसऱ्या हाताने नवा. २०१४-१५ च्या मोसमात धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन त्याने वर जाण्याचा हक्क मिळविला. पण २०१६ च्या उन्हाळ्यात अखिल भारतीय महासंघाने नवा आराखडा मांडला. त्यात सुपर लीग ही देशाची प्रथम श्रेणी ठरणार होती आणि आय-लीग तिच्याखाली. कितीही जिंका, वर जाण्याचा मार्ग बंद. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली. धेंपोही त्यांच्यामागून बाहेर पडला. मैदानावर कमावलेली जागा त्याने घेतलीच नाही. गोव्याच्या स्थानिक लीगपुरता, मुलांच्या संघांपुरता आणि जुन्या गोव्याजवळ एला येथील आपल्या मैदानापुरता तो उरला.

हा निर्णय स्वाभिमानाचा होता की हिशेबाचा, यावर आमच्या परिचयातील गोवेकरांत अद्याप एकमत नाही. निषेध रास्त होता, असे आम्हांस वाटते. ज्या स्पर्धेत पहिला आलेला वर जात नाही ती स्पर्धा नव्हे. परंतु निषेधाची किंमत कोणी मोजली? मालकांच्या आयुष्यात एक खाते बंद झाले. विशी-बाविशीतल्या ज्या मुलांनी दुसरी श्रेणी जिंकून दिली होती, त्यांच्या हातून राष्ट्रीय मंच गेला, आणि त्यांचे मत कोणी विचारल्याचे वाचनात आले नाही. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा लीगविजेता संघ २०१० मध्ये कंपनीने गुंडाळला, फगवाड्याच्या जे.सी.टी. गिरणीचा संघ २०११ मध्ये. तेथेही संचालक मंडळाच्या एका ठरावाने काम भागले. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांच्यामागे सभासद आहेत, वर्गणीदार आहेत, भांडणारे लोक आहेत. त्यांना असे एका सकाळी गुंडाळता येत नाही. कंपनीच्या क्लबाला प्रेक्षक असतात, पण प्रेक्षकांना मत नसते.

हे दुखणे आपल्याच देशाचे नाही. रुमानियात साम्यवादी राजवटीत जवळजवळ प्रत्येक मोठा क्लब कोणत्या ना कोणत्या खात्याचा होता. स्तेआउआ सैन्याचा, दिनामो गृहखात्याचा, रापिद रेल्वेचा. १९८६ मध्ये स्तेआउआने युरोपीय चषक जिंकला तो या व्यवस्थेचा कळस. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते जिउल पेत्रोशान या लहानशा क्लबाने. जिउ नावाच्या नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब त्या खाणकामगारांचा. १९७४ मध्ये त्याने रुमानियाचा राष्ट्रीय चषक जिंकला. राजवट कोसळल्यावर नव्वदीच्या दशकात खाणी एकामागून एक बंद झाल्या, हजारो कामगार घरी बसले, खोऱ्यातली गावे ओस पडू लागली. क्लब कसाबसा टिकला, २००६-०७ मध्ये वरच्या श्रेणीतून घसरला तो पुन्हा वर आला नाही, आणि खालच्या श्रेण्यांत खेळू लागला. नदीचे नाव, खाणीचा पैसा, डोंगराळ मुलूख. काळीच्या खोऱ्यात राहणाऱ्या, धरणात बुडालेले सुपे आणि नव्याने वसविलेले रामनगर पाहिलेल्या आपल्या वाचकांना त्या खोऱ्याची कल्पना करणे कठीण जाऊ नये. फरक एवढाच, की पेत्रोशानला क्लब सोडण्याचा ठराव करणारे घराणे नव्हते; तेथे आश्रयदाताच नाहीसा झाला.

धेंपोच्या बाबतीत आश्रयदाता होता, आणि त्यामुळे परतीची वाटही राहिली. स्थानिक लीग खेळत असताना क्लबाने मुलांचे प्रशिक्षण सोडले नाही, हे त्याचे खरे पुण्य. संघाची धुरा पुढे समीर नाईक यांच्याकडे आली. ज्यांनी कोलासोंच्या हाताखाली विजेतेपदे पाहिली होती तेच आता मुलांना घडवू लागले. क्लिफर्ड मिरांडा यांनी तर दुसरीकडे, ओडिशाच्या संघाला २०२३ चा सुपर चषक जिंकून दिला. २०२३-२४ च्या मोसमात धेंपो दुसऱ्या श्रेणीत पुन्हा उतरला, दुसरा आला आणि बढती मिळवून २०२४-२५ मध्ये, जवळजवळ एका दशकानंतर, आय-लीग खेळला. विजेतेपदाच्या शर्यतीत तो नव्हता. तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

या मधल्या काळात ज्या सुपर लीगसाठी जुन्या क्लबांना बाजूला सारले, तिचाच २०२५-२६ चा मोसम व्यापारी कराराच्या घोळामुळे स्थगित करण्याची पाळी २०२५ च्या जुलैत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्डा आणि बांबोळी येथे सुपर चषक भरला. आयत्या वेळी जागा मिळालेला धेंपो त्यात उतरला तो एकाही परदेशी खेळाडूविना. ईस्ट बंगालशी त्याची बरोबरी झाली, दोन-दोन. मोहन बागानशीही बरोबरी झाली, गोलशून्य. गटातून पुढे जाण्यास हे पुरेसे नव्हते. पण धोबीतलावच्या कूडांतून कूपरेजवर गेलेले जे कोणी वृद्ध अद्याप हयात असतील, त्यांनी हे निकाल दुसऱ्या दिवशीच्या ‘नवप्रभा’त नक्कीच दोनदा वाचले असतील.